बाद झालेल्या कागदांची वही

ॲन आर्बर, मिशिगन
श्रावणातला शनिवार

प्रिय चिमे,

तुझा सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज बसमध्ये ऐकत होते आणि उतरायचा स्टॉप मागं गेला. मुंबईच्या जाहिरात एजन्सीत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली, हे सांगताना तुझा आवाज टिपेला गेला होता. आणि शेवटी ‘पण तिथं जाऊन मी नेमकं करायचं काय गं?’ म्हणताना एकदम खाली आला. फोनवर बोलायला बसलो असतो तर दोघी एकमेकींची वाक्यं तोडत राहिलो असतो, म्हणून लिहायला घेतलं. माझी इथली इंटर्नशिप गेल्या शुक्रवारी संपली. बारा आठवडे. टेबल आवरलं, दाराचं कार्ड परत दिलं, घरी आले आणि दोन दिवस करमेना.

जे मला मे महिन्यात कुणीतरी सांगायला हवं होतं, ते तुला आत्ताच सांगते. एजन्सीनं केलेलं चांगलं काम बघायला एजन्सीत जावं लागत नाही. ते रस्त्यावर, फोनवर, बिस्किटाच्या पुड्यावर सगळ्यांना दिसतं. आत गेल्यावरच दिसतं ते बाद झालेलं काम, आणि ते बाद का झालं याचं कारण. इंटर्नची खरी कमाई तीच. मला हे उमगायला दोन आठवडे लागले. तुझे ते दोन आठवडे वाचावेत म्हणून हा सगळा खटाटोप.

माझी एजन्सी मेन स्ट्रीटजवळ, एका जुन्या विटांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर. सतरा माणसं. क्लायंटची नावं बाहेर सांगायची नाहीत अशा कागदावर सही केलीय, म्हणून नावं लिहीत नाही. पहिल्या आठवड्यात सगळ्यात जड गेलं ते हाक मारणं. आपल्या कॉलेजात ‘सर’ म्हटल्याशिवाय तोंडातून वाक्य निघायचं नाही. इथं साठीच्या क्रिएटिव्ह डिरेक्टरला पहिल्या नावानं हाक मारायची. तीन दिवस मी नावच घेतलं नाही, नुसती समोर जाऊन उभी राहायचे. पण ते नाव तोंडात बसलं तसं प्रश्न विचारणं सोपं होत गेलं. ‘सर, हे असं का?’ या वाक्यात आपल्या कानाला उलट बोलणं ऐकू येतं, म्हणून आपण ते ओठावरच ठेवतो. तू मुंबईत ‘सर’ म्हण, ‘मॅडम’ म्हण, पण त्यातला ‘का’ गिळू नकोस.

पहिलं काम मिळालं ते साइझेसचं. बागकामाचं सामान विकणाऱ्या एका दुकानाच्या मोहिमेचं मुख्य चित्र तयार होतं, त्याचे वेबसाठी आकार करायचे. 300 बाय 250 पिक्सेल, 728 बाय 90, 160 बाय 600 आणि फोनच्या पडद्यावर तळाला चिकटणारी 320 बाय 50 ची पट्टी. दोन दिवस हेच. पहिल्या संध्याकाळी घरी येऊन रडले. घरच्यांनी कर्ज काढलं, मी एवढा समुद्र ओलांडला, तो चौकोन ओढायला का?

दुसऱ्या दिवशी त्या 320 बाय 50 वर अडकले. मोठ्या चौकोनात चित्र, मथळा, एक ओळ मजकूर, बटण आणि लोगो असे पाचजण सुखानं राहत होते. पन्नास पिक्सेल उंचीत त्यातले दोनच मावतात. कुठले दोन? आर्ट डिरेक्टरकडे गेले. तिनं उत्तर दिलं नाही, उलट विचारलं, ‘बसमधला माणूस अंगठा सरकवता सरकवता यातलं काय वाचेल?’ मग आम्ही एकेक काढत गेलो. चित्र गेलं, मजकुराची ओळ गेली, बटणही गेलं. मथळ्यात सात शब्द होते, तीन उरले. त्या दुपारी लख्ख कळलं, की ज्याला मी हमाली म्हणत होते ती कशावाचून चालेल आणि कशावाचून चालणार नाही हे ठरवण्याची तालीम आहे. क्रिएटिव्ह डिरेक्टरही दिवसभर तेच ठरवत असतो, फक्त त्याचा चौकोन मोठा असतो.

तुझ्याकडे हेच काम ‘अडॅप्टेशन’ म्हणून येईल. इंग्रजी किंवा हिंदी जाहिरात तयार असेल, तिचं मराठी करून त्याच चौकटीत बसवायचं. लोक या कामाला नाकं मुरडतात. तू मुरडू नकोस, कारण तिथं तुझ्याकडे असं काहीतरी आहे जे शेजारच्या खुर्चीत नसेल. आपल्या अक्षराला उभी जागा जास्त लागते. शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि एकाखाली एक बसणारी जोडाक्षरं. इंग्रजी मथळ्याच्या दोन ओळींमधलं अंतर तसंच ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. नुसती तक्रार केलीस तर कुणी ऐकणार नाही. दोन नमुने छापून शेजारी शेजारी भिंतीला लाव, एक त्यांच्या अंतराचा, एक तुझ्या. बघणाऱ्याला सांगावं लागत नाही. आणि मराठी ओळ भाषांतरासारखी वाजत असेल, तर दिलेली ओळ बसवून झाल्यावर खाली स्वतःची एक ओळ लिहून दे. नऊ वेळा कुणी बघणार नाही, दहाव्यांदा बघतील.

र. कृ. जोशींची आठवण ठेव. डी. जे. किमर, मग उल्का अशा जाहिरात संस्थांमध्ये त्यांनी अनेक वर्षं काम केलं, आणि ते करता करताच देवनागरीचा ध्यास घेतला. पुढं पवईच्या आयआयटीत शिकवलं, आणि विंडोजमधला मंगल फॉन्ट, ज्यात आपण दहावीपासून अर्ज टाइप करत आलो, तो त्यांनीच घडवला. जाहिरातीच्या धबडग्यात लिपीचा विचार मरतो असं कुणी म्हणालं, तर हे एक नाव पुरे. मुंबईच्याच एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे देवनागरी फॉन्ट आता फुकट मिळतात. जायच्या आधी त्यांची सगळी वजनं मोठ्या आकारात छापून घे आणि आठवडाभर नुसती बघ.

आता वहीबद्दल. तिसऱ्या आठवड्यात धीर करून आर्ट डिरेक्टरला विचारलं, ‘त्या बागकामाच्या दुकानाच्या लोगोचे आधीचे पर्याय बघायला मिळतील?’ तिला आश्चर्य वाटलं. म्हणाली, हे आजवर कुणी मागितलं नव्हतं. तिनं खालचा खण उघडला. ट्रेसिंग पेपरचा हातभर गठ्ठा होता. चौसष्ट रेखाटनं, आणि बहुतेकांच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं कारण. एक दुसऱ्या कंपनीच्या चिन्हासारखं दिसत होतं. एक टोपीवर धाग्यानं भरताना बुजलं असतं. एक एकाच रंगात छापलं की ओळखू येत नव्हतं. आणि सगळ्यात सुंदर होतं त्याच्याखाली लिहिलं होतं, ‘फोनवर वर्णन करून सांगता येत नाही.’ मी खुर्चीत बसून राहिले. कॉलेजात आपण सुंदर की कुरूप एवढंच भांडायचो. इथं चौसष्टातली त्रेसष्ट बाद झाली होती, आणि कुरूप म्हणून बाद झालेली दोन-तीनच होती.

त्या दिवशी वही सुरू केली. रोज संध्याकाळी तीन ओळी. आज काय बाद झालं. का बाद झालं. मी असते तर काय केलं असतं. अठ्ठेचाळीस नोंदी झाल्या. तिसरी ओळ सगळ्यात अवघड, कारण पहिल्या दोन ऐकून लिहिता येतात, तिसरीसाठी स्वतःला उभं राहावं लागतं. तुझं नाव छापलेलं एखादं काम पोर्टफोलिओत येईल न येईल, पण पुढच्या मुलाखतीत ‘तिथं काय शिकलीस?’ विचारल्यावर ही वही बोलेल.

वही लिहायला लागले आणि गावही वेगळं दिसायला लागलं. डेट्रॉइट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर झिंगरमन्स नावाचं सँडविचचं दुकान आहे. पॉल सॅगिनॉ आणि ॲरी वाइनझ्वाइग यांनी 1982 साली सुरू केलेलं. आत पाऊल टाकलं की भिंतीवर हातानं रंगवलेली पोस्टरं, चीजची, पावाची, ऑलिव्ह तेलाची. त्यांच्या कॅटलॉगमध्येसुद्धा फोटोऐवजी चित्रंच असतात. मला थेट आपल्याकडचे दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर आठवले. या दुकानाचं नाव आधी ‘ग्रीनबर्ग्ज’ ठरलं होतं. ते दुसऱ्याच्या नावावर नोंदलेलं निघालं, आणि ऐनवेळी ‘झिंगरमन’ हे नाव घडवावं लागलं. या नावाचा मालक कधी नव्हताच. आज ते नाव या गावाची ओळख आहे. बाद होणं म्हणजे वाया जाणं नव्हे, याचा एवढा चविष्ट पुरावा दुसरा सापडणार नाही.

दुपारच्या सुट्टीत मी परीदारं बघत फिरायचे. इथले चित्रकार जोनाथन राइट यांनी 2005 पासून गावातल्या दुकानांच्या भिंतींच्या पायथ्याशी वीतभर दारं बसवली, चौकटीसकट, छोट्या छोट्या खिडक्यांसकट. मुलं गुडघ्यावर बसून आत डोकावतात, चिठ्ठ्या आणि नाणी ठेवून जातात. ही कुठल्या क्लायंटची मोहीम नव्हती. तूही सहा महिन्यांत स्वतःचं असं एक छोटं दार कर. आठवड्याला एक अक्षर, लोकलच्या डब्यातली एक पाटी, काहीही. पण बिजागरीपर्यंत पूर्ण. दिवसभर दुसऱ्याच्या ब्रीफवर काम करताना हात आपला राहतो तो अशानं.

चूक झाली तीही सांगते. सातव्या आठवड्यात मला एका पत्रकाचं पूर्ण काम मिळालं. चार दिवस जीव ओतला. छपाईला फाइल गेली आणि प्रेसमधून फोन आला. मी पान ए-4 चं केलं होतं, हात सवयीनं तिथंच गेला. अमेरिकेत कागद लेटर साइझचा. ए-4 असतो 210 बाय 297 मिलिमीटर, लेटर साधारण 216 बाय 279. म्हणजे माझं पान अठरा मिलिमीटर उंच, आणि नेमक्या तळाच्या त्या पट्टीत पत्ता आणि वेळ होती. पोटात गोळा आला. पण कुणी विचारायच्या आधी मी स्वतः जाऊन सांगितलं, काय झालं, दुरुस्तीला किती वेळ लागेल आणि खर्च किती. क्रिएटिव्ह डिरेक्टर रागावला नाही. त्यानं एकच विचारलं, ‘ही चूक आधी कुठल्या पायरीवर सापडू शकली असती?’ मी बसून यादी केली: कागदाचा आकार, कडेला कापायला सोडलेली जागा, रंग छपाईचे की पडद्याचे, फोन नंबर स्वतः फिरवून बघितला का, तारीख आणि वार जुळतात का. ती यादी आता त्यांच्या भिंतीवर आहे. तुझ्याकडूनही चूक होईल. लपवलीस तर ती तुझी एकटीची राहील. लगेच सांगितलीस तर तिची यादी होईल आणि सगळ्यांच्या उपयोगी पडेल.

मीटिंगांचं म्हणशील, तर पहिले कितीतरी दिवस मी तोंड उघडलं नाही. मग एक वाट सापडली. मी म्हटलं, मीटिंगचं टिपण मी काढते. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. संध्याकाळच्या आत सगळ्यांना मेल. हे काम कुणालाच नको असतं, त्यामुळं ते तुला आनंदानं मिळेल. पण टिपण काढणाऱ्या माणसाला ‘हे नीट कळलं नाही, परत सांगाल?’ असं विचारायचा हक्क आपोआप मिळतो. असं विचारता विचारता मला बोलायची सवय लागली, आणि क्लायंटच्या मीटिंगमध्ये खुर्चीही. इथली बोली समजायला वेळ लागला, तो भाग वेगळा. आधी दोन गोड वाक्यं येतात, मग काम बदलायला सांगणारं तिसरं. आणि ‘इंटरेस्टिंग’ म्हणजे बहुतेक वेळा ‘नको’. मुंबईत याच्या उलट, थेट तोंडावर ऐकशील. दोन्हीकडं औषध एकच. विचारायचं, ‘कुणासाठी चालत नाहीय, आणि कुठल्या जागी अडतंय?’ ‘आवडलं नाही’ यावर काम करता येत नाही. ‘आजोबांना फोन नंबर सापडत नाही’ यावर करता येतं.

आणखी एक, आणि ही गोष्ट मला फार जवळची वाटते. इथून गाडीनं तासाभराच्या अंतरावर, ब्लूमफील्ड हिल्समध्ये, क्रॅनब्रुक अकादमी नावाची कलाशाळा आहे. चार्ल्स आणि रे ईम्स एकमेकांना भेटले ते 1940 साली तिथंच. पुढं भारत सरकारनं या जोडप्याला बोलावलं, ते देशभर फिरले आणि 1958 साली त्यांनी अहवाल दिला. त्यातून 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलंय, माहितीय? लोट्याचं. आपल्या तांब्याचं गं! तो किती पाणी घेतो, कमरेवर कसा बसतो, डोक्यावर कसा तोलतो, ओतायला वळवला की तोल कसा राहतो, आतून घासायला किती सोपा, ऊन पडलं की कसा दिसतो, असे एकामागून एक प्रश्न त्यांनी मांडलेत. आणि म्हटलंय की तो कुणा एकाचा नाही, पिढ्यान्‌पिढ्यांनी मिळून घडवलेला आहे. मी ते लायब्ररीत वाचलं आणि आजीच्या मोरीतला तांब्या डोळ्यांपुढं आला. किती पिढ्यांनी किती आकार बाद केले असतील, तेव्हा तो तसा झाला. ते बाद आकार कुठल्याच खणात नाहीत. एजन्सीच्या खणात मात्र आहेत, आणि तिथं तू सहा महिने बसणार आहेस.

आता व्यवहाराचं, भराभर. पैशाचं पहिल्याच दिवशी स्पष्ट विचार, लाजू नकोस. मला इथं तासावर पगार होता. अमेरिकेत नफ्यावर चालणाऱ्या कंपनीत बिनपगारी इंटर्न ठेवायचा तर मुख्य फायदा कुणाचा होतो, शिकणाऱ्याचा की कंपनीचा, हे तपासतात. कामगार खात्यानं 2018 पासून हीच कसोटी धरली आहे. तुझ्याकडं कायदा वेगळा असला तरी प्रश्न तोच विचार: यात माझं शिकणं कुठं आहे? शेवटच्या आठवड्यात, कुठलं काम पोर्टफोलिओत दाखवू शकते, हे लेखी मागून घे. आणि तुझ्या भावाला इकडं यायचंय म्हणालीस, त्याला सांग: विद्यार्थी व्हिसावर इंटर्नशिप करायची तर ती अभ्यासक्रमाशी जोडलेली हवी, सीपीटी नावाची परवानगी काम सुरू व्हायच्या आधी हातात हवी, आणि साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झालेलं हवं. पूर्णवेळ सीपीटी बारा महिन्यांची झाली, तर त्याच पदवीनंतर काम करू देणाऱ्या ओपीटी या परवानगीची संधी जाते. आठवडे मोजत राहा म्हणावं.

चिमे, इंटर्नशिप हा शब्द नवा, पण आपल्याकडं त्याला ‘उमेदवारी’ म्हणायचे. कसला सुंदर शब्द आहे, आतच उमेद आहे. आपल्या कोल्हापुरात खरी कॉर्नरला बाबूराव पेंटरांच्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे, आठवतंय ना? कॉलेजला जाताना कितीदा आपण त्याच्यावरून गेलो असू. त्याच बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पोरगेल्या वयाचे शांताराम वणकुद्रे आले, ते पडेल ते काम करायला. दामले, फत्तेलाल तिथंच तयार झाले. पडदे रंगवले, कॅमेरा शिकले, फिल्म धुतली. आणि 1929 साली हे लोक बाहेर पडले, तेव्हा कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली. कुणी त्यांना वर्गात बसवून शिकवलं नव्हतं. ते एका मोठ्या माणसाच्या कामाच्या इतके जवळ उभे होते, की त्याचं काय फसतं, तो काय पुसतो आणि पुन्हा काय करतो, हे रोज दिसत होतं. जवळ उभं राहायला मिळणं, हाच उमेदवारीचा पगार होता. तुलाही तेच मिळणार आहे. ज्यांचं काम आवडेल त्यांच्या टेबलाजवळचं टेबल माग.

तुझ्या आईच्या हाताला आता बरं आहे ना? तिला सांग, तिनं दिलेला कांदा-लसूण मसाला एजन्सीतल्या शेवटच्या दिवशीच्या जेवणात रस्सा करून घातला. दोघांनी पाण्याचे तीन तीन ग्लास घेतले आणि तरी परत वाढून घेतलं.

हे पत्र तीनदा लिहिलं. पहिल्या खेपेला नुसत्या सूचना झाल्या, क्रमांक घालून. दुसऱ्या खेपेला सगळी माझीच गोष्ट झाली, तू कुठंच नव्हतीस. ते दोन्ही खर्डे फाडले नाहीत. इथून एक मैत्रीण पुण्याला येतेय, तिच्याबरोबर एक कोरी वही पाठवतेय, त्यात मागं टाचून ठेवलेत. पहिल्या पानावर पहिल्या दोन ओळी मी लिहून दिल्यात, काय बाद झालं आणि का.

तिसरी ओळ तुझी.

तुझीच,
ठमी